फाटकावरच्या पाटीतला एक शब्द

तीर्थरूप बाबांना नमस्कार. वाकून केला असं समजा, कारण रंग वाळेपर्यंत शिडीवर बसून लिहितेय.

मी मजेत आहे. खोलीत वारा छान येतो आणि जेवण वेळेवर होतं. सध्या चौकातल्या बागेच्या फाटकावरची जुनी पाटी नव्याने रंगवतेय. तिच्यावर लिहिलंय की या जागी आधी तबेला होता, मग बाग झाली, आणि भोवतीच्या घरांत नामवंत माणसं राहून गेली. एक न्यायाधीश, एक नकाशे काढणारे, सात नंबरात एक गायिका. तुम्ही शिकवलंत तसं जुनं अक्षर न अक्षर उतरवलं.

मघाशी एक आजी काठी टेकत आल्या. पाटी वाचून म्हणाल्या, "राहत होत्या म्हणजे काय गं? मी आत्ता दूध तापवून आलेय."

गायिका त्याच. लोक त्यांच्या दारासमोर हळू आवाजात का बोलतात, ते त्यांना आज कळलं म्हणे. रंग ओला होता, मी लगेच 'होत्या' पुसून 'आहेत' लिहिलं. आता तो वाळल्याशिवाय त्या बाकावरून उठणार नाहीत.

तुमच्या हाताची थरथर कमी आहे का? आई तेल चोळते ना? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, 'मी पाट्या रंगवत होतो.' त्यातला 'होतो' तेवढा खोडा. मी आले की आपल्या दारावरची पाटी तुम्हीच रंगवायची. शिडी मी धरीन.

वाकड्या वेलांटीबद्दल चकार शब्द न काढणारी,
तुमची थोरली