दोन बोटं आत

अहो,

खाली दुकानात तुम्ही, वर मी, मध्ये फक्त जिना. तरी लिहितेय, कारण वर आलात की तुम्ही जेवता आणि हात धुऊन उठता.

पूर्वी भारी कापड असलं की कात्री लावण्याआधी मला हाक मारायचात, "कापू का?" मला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी "कापा" म्हटल्याशिवाय तुमचा हात चालायचा नाही.

दुकानाच्या मोठ्या मास्तरांनी आखलेल्या त्या कोटाच्या वेळीही विचारलंत. त्यांची खडूची रेघ मीच पुसली आणि दोन बोटं आत ओढली. "त्यांनीच मला शिकवलंय गं," म्हणालात. मी म्हटलं, "मग बांगड्या भरा!" तुम्ही कापलंत.

कोट आखूड झाला. "माझीच नजर गेली," म्हणत मास्तर स्वतःची कात्री तुमच्या हातात ठेवून घरी बसले. त्यांच्या जागी तुम्ही आलात.

आज दुकानातला तुमचा जिवाभावाचा जोडीदार वर आला. कापड वाया घालवलं म्हणून तुम्ही त्याला कामावरून काढलंत. तुकडा दाखवत म्हणाला, "वहिनी, मी असं कसं हो आखलं?" रेघ दोन बोटं आत होती. शेजारी पुसलेला खडू दिसत होता. मी तुकड्याची घडी घालून त्याला परत दिली.

या वेळी तुम्ही मला हाक मारली नाहीत. मारली असतीत, तर मी "नको" म्हणाले असते.

म्हणाले असते ना हो?

हाक मारलीत तर ऐकू येईल इतक्या जवळ,
मी