भिंतीवरचा चौथा माणूस

६ फेब्रुवारी १९९१

बाबांचं तोंडच नाही! कल्याणला रेल्वे कॉलनीच्या हॉलवरचं जॅझ बँडचं जुनं चित्र परत रंगवतायत कळलं, म्हणून शाळा सुटल्यावर धावत गेलेले. पियानोवाला आहे, ड्रमवाला आहे, सॅक्सोफोनवाला आहे. ट्रम्पेटवाल्याचा मात्र गळ्याच्या वरचा गिलावाच पडलाय. पेंटर श्रीपाद म्हणतो, "फोटो आणा मॅडम, नायतर तिकडे फुलांची कुंडी रंगवून टाकतो."

कुंडी! माझ्या बापाच्या जागी!

९ फेब्रुवारी

आमचा अख्खा कोळीवाडा बाबांना हसायचा – हळदीत वाजवणारा देवराम म्हणे साहेब लोकांच्या जॅझमध्ये होता! आम्ही पोरी भांडायचो. लहानपणी बाबांनी एकदा लांबून दाखवलेलं, "तो ट्रम्पेटवाला मीच गो." तोंड तेव्हाच पुसट झालेलं.

आता बाबांचं अर्धं अंग गेलंय, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, महिना काढला तर नशीब. तेवढा तरी काढू दे रे देवा!

११ फेब्रुवारी

फोटो मिळाला. हळदीतलाच – लाल कोट, टोपी. श्रीपादच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिले. टोपी काढून नुसता चेहरा घेतो म्हणाला.

२४ फेब्रुवारी

शेजारच्या धाकूकाकाच्या टेम्पोतून बाबांना चित्र दाखवायला नेलं. बघत राहिले. मग रडले. मीपण.

२ मार्च

सुमतीबाई म्हणून कुणी कल्याणहून घरी आल्या. "ट्रम्पेट आमचे हे वाजवायचे हो. गुरुदत्त. गेले ते. पेंटरची काहीतरी चूक झालीय."

पर्समधून फोटो काढला. तेच चौघं, मागे नावं लिहिलेली. कडेला ट्रम्पेटची पेटी धरून उभे – बाबा!

"देवराम ना? फार भला माणूस. सामान उचलायचा. ह्यांनीच शिकवलं त्याला." फोटो माझ्या हातात दिला. "पेंटर तुमच्या ओळखीचा आहे म्हणे. दाखवा त्याला. एकच आहे, जपून हं."

भांडली असती बाई तर बरं झालं असतं! आतल्या खोलीत बाबा जागे होते. त्यांच्यासमोर जायची हिंमत झाली नाही.

५ मार्च

उद्घाटन झालं. कोळीवाडा गाडी करून गेलेला. परत येऊन एकेक जण बाबांच्या पाया पडला. धाकूकाका रडत म्हणाला, "माफ कर रं देवराम, आमी हसलो तुला."

फोटो अजून श्रीपादला दाखवलेला नाही. काय करू? काय करू मी?

७ मार्च

सुमतीबाईंना कळवलं, फोटो गर्दीत हरवला. सकाळी तो बंबाच्या जाळात घातलेला. त्याच पाण्याने बाबांना आंघोळ घातली.