दुपारी येणाऱ्या ताई

सोमवार, ४ मार्च
रुजू झाले एकदाची! मुलांच्या सुधारगृहात कल्याण अधिकारी. खोली ऐसपैस आहे, फक्त खुर्चीचा एक पाय लंगडा. अधीक्षक अघळपघळ माणूस; माणसं कमी आहेत, सांभाळून घ्या म्हणाले. दोन मजल्यांना मिळून एकच पहारेकरी, नाना. म्हणून जेवणं उरकली की पोरांना संध्याकाळपर्यंत आपापल्या खोलीत कोंडतात. मला पटलं नाही. नाना म्हणाले, "ताई, मला काय चार हात आहेत?" तेही खरंच.

बुधवार, ६ मार्च
वरच्या मजल्यावरच्या एका पोराशी बोलले; सगळे त्याला वटवट्या म्हणतात. म्हणजे तोच बोलला. सायकल चोरली तिथून सुरुवात, मग धाकट्या बहिणीची वेणी घालायला कसा शिकला ते. तोंडाचा पट्टा थांबेना. निघताना म्हणाला, उरलेलं दुसऱ्या ताईंना सांगतो, दुपारी येऊन बसतात त्या. बरं वाटलं. चला, कुणीतरी आहे सोबतीला.

गुरुवार, ७ मार्च
अधीक्षकांना विचारलं. दुसरं कुणी नाही म्हणाले, ती जागा कधीची रिकामी आहे. चहाच्या कपातून नजर वर केली नाही. नाना किल्ल्या वाजवत निघून गेले.

सोमवार, ११ मार्च
खालच्या मजल्यावरची मुलं किती शहाणी, असं मला वाटत होतं. शहाणी नाहीत. जेव म्हटलं तर जेवतात, ऊठ म्हटलं तर उठतात, एवढंच.
आज त्यातल्या एकाची आई भेटायला आली. त्यानं बाकावर सरकून तिला जागा करून दिली, परक्या बाईला द्यावी तशी. ती बाहेर येऊन माझा हात धरून रडली. काय केलंत हो माझ्या लेकराला, म्हणाली.

मंगळवार, १२ मार्च
दुपारी वटवट्याच्या दारावरून जात होते. आत त्याची बडबड चालू होती. मध्येच थांबला, आणि बाईचा आवाज आला. अगदी मायेचा. "मग रे?"
दाराच्या जाळीतून पाहिलं. तो खाटेच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाची गादी दबलेली. तिथे कुणी नाही.
हाका मारल्या, वळला नाही. नाना खालून किल्ली घेऊन येईपर्यंत त्याचं बोलणं हळूहळू संपत गेलं. रांजण रिता व्हावा तसं.

बुधवार, १३ मार्च
वटवट्याला बहिणीचं विचारलं. "कुठली बहीण?" म्हणाला.
अधीक्षकांवर ओरडले. त्यांनी दार लावून घेतलं. माणसं मागून मागून घसा कोरडा पडला, म्हणाले, वरून एक माणूस मिळालं नाही. ती येते. पोरं शांत राहतात, भांडणं नाहीत, तक्रारी नाहीत. तुम्हाला आणखी काय हवंय?
ते घाबरलेले नव्हते. त्याचीच जास्त भीती वाटली.

गुरुवार, १४ मार्च
नवा मुलगा आला. रडून रडून डोळे सुजलेत. दुपारभर त्याच्यापाशी बसणार. माणूस असलं की तिला यायचं कारण काय? नानांनी नियमाप्रमाणे बाहेरून कुलूप लावलं.

दुपार. पोरगं झोपलंय. बसल्या बसल्या लिहितेय.

गादी दबली. त्याच्याजवळ नाही — माझ्याजवळ.

थकलीस का गं, विचारतेय. इथे आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. थोडंसंच सांगितलं. बाबांच्या आजारपणाचं. तेवढंच —

बाबांना काय झालं होतं? आठवेना.

दार वाजवलं. नाना वरच्या मजल्यावर असतील. एकटा माणूस, कुठे कुठे —

मग गं, म्हणतेय. बोलायचं नाही. ओठ दाबून धरलेत, तरी आवाज माझाच — शाळेचं सांगतेय, घराचं — कुठलं घर —

पोरगं जागं झालंय. तुम्ही कोण, विचारतंय. सांगते त्याला. मी