भाजलेल्या धन्यांची जिन

तीर्थरूप श्रीधरमामांस,

हॉलंडातल्या ब्रेडाहून भाची नीलांबरीचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत आहे. (एवढं उभ्याने वाचलंत तर चालेल, पुढचं बसून वाचा.)

मी ‘खाद्यपदार्थांच्या कंपनीत’ कॉम्प्युटरचं काम करते, असं तुम्हाला सांगितलं होतं. ती कंपनी थ्रॅपस्टन नावाची इंग्रजी जिन बनवते. तुम्ही व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष, म्हणून हा आडपडदा. मुळात ही विद्या इथल्या डचांची. इंग्रज सैनिक इकडे लढायला आले, ते चटक घेऊनच परतले. आणि आता आमचे मालक थ्रॅपस्टनसाहेब भट्टी घेऊन पुन्हा इकडे आलेत (माहेरपणाला म्हणा हवं तर). आणि त्यात पडतं काय? हपुषा (इंग्रजीत जुनिपर), धने, ज्येष्ठमध, दालचिनी, संत्र्याची साल! तुमच्या काष्ठौषधींच्या दुकानातलं अर्धं कपाट. हे सगळं मद्यार्कात भिजवून तांब्याच्या भट्टीत तापवायचं, वाफ गार करायची आणि पहिली-शेवटची धार टाकून मधली तेवढी ठेवायची.

गेल्या महिन्यात भट्टीप्रमुख मारायके दाताच्या डॉक्टरकडे जाताना, हाताशी दुसरं कुणी नव्हतं म्हणून, मला धने तयार ठेवायला सांगून गेली. तिच्या लेखी तयार म्हणजे मोजून. पण मामींच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला कच्चे धने कशात टाकवतील का? मी कँटीनमधला तवा आणला आणि बारा किलो धने थोडे थोडे करून खमंग भाजले. ते तसेच भट्टीत गेले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीत आमटीचा वास! माझी नोकरी अजून कच्ची, इथे राहायचा परवाना तिच्यावर टांगलेला. मी मनातल्या मनात बॅग भरली. मारायकेने एक घोट घेतला, मग दुसरा घेतला आणि म्हणाली, “लेकर!” (म्हणजे झकास. डच माणूस जेवण, झोप आणि ऊन, तिन्हींना हाच शब्द वापरतो.) मामा, मला नाचावंसं वाटलं! साहेबांना आता हीच चव कायम हवी आहे. ती पुन्हा जमली तर माझी नोकरी पक्की.

मामींना सा. न.

तुमची,
नीलांबरी

ता. क. : ती पुन्हा जमत नाहीये. किती डिग्रीला भाजलेस, असं मारायके विचारते. मी म्हणते, वास सुटेपर्यंत. तेव्हा मामींना पंधरा दिवस इकडे पाठवाल का? तिकीट कंपनीचं.

ता. क. २ : मामींनी व्हिसाचे फोटो कालच काढले. चव घ्यावी लागेल, असं मी फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, “कामाचं आहे, तर घेईन बाई. ह्यांना मात्र माझं मीच सांगेन.” त्यांनी अजून सांगितलं नसेल, तर तुम्ही हे पत्र वाचलेलं नाही.