आकडा वीस, कारण धुकं

१२ ऑगस्ट १९९४
अंबरनाथ-बदलापूर रोडवर पाटी चालू झाली. इलेक्ट्रॉनिक! बल्बांचे आकडे, १० ते ५०. केबिनमध्ये बटण फिरवलं की वेगमर्यादा बदलते. पाऊस, गर्दी बघून ठरवणार कोण? मी. साहेब म्हणाले, दोन महिन्यांची ट्रायल आहे, फार मनावर घेऊ नका. घेतलं.

१३ ऑगस्ट
आकडा ३०. पाटीखाली आल्या की सगळ्या गाड्या रांगतात. रिक्षावालेसुद्धा! पब्लिकला शिस्त नाही म्हणणाऱ्यांनी इथे येऊन बघावं. (पाटीखाली एक खड्डा आहे. किरकोळ.)
सायं. ६.१०. हरिचंद्रचा टेम्पो. माझा मुलगा. उल्हासनगरहून पँटींचे गठ्ठे घेऊन बदलापूरला घरी. तीन वर्षं बोलत नाही. गाडी फार पळवतो, असं मी त्याच्या तेव्हाच्या शेठला पत्राने कळवलं होतं. शेठने काढून टाकलं. मी बापाचं कर्तव्य केलं. राग काय, दोन दिवसांचा असतो. आज पाटी बघून स्लो झाला. म्हणजे ऐकतो.

१८ ऑगस्ट
टेम्पोत पुढे एक पोरगी. दोन वेण्या. अंजनी! नात. शेवटची बघितली तेव्हा बोबडं बोलायची. आकडा २० केला, जरा जास्त वेळ दिसली. वहीत कारण: धुकं. (ऊन होतं.)

२२ ऑगस्ट
ठमाबाई पाटीखाली काकड्या विकते. बारवीकडच्या पाड्यावरची. बोलून बोलून डोकं खाते. आज आली नाही. दिवस जाता जाईना.

५ सप्टेंबर
हरिचंद्र टेम्पोतूनच काकडी घेतो. अंजनीने ठमाबाईला विचारलं म्हणे, आकडे कोण पेटवतं? मग हरिचंद्र काय म्हणाला, मी विचारलं. ठमाबाई टोपली आवरायला लागली.
उद्यापासून आकडा १०.
संकल्प: रविवारी बदलापूरला जायचंच. सूनबाई मालिनीला काही राग नाही, मला खात्री आहे.

११ सप्टेंबर, रविवार
स्टेशनपर्यंत गेलो. पोट बरं नव्हतं. पुढच्या रविवारी.

२० सप्टेंबर
रिपोर्ट पाठवला. ‘शंभर टक्के वाहने आज्ञाधारक.’ खड्ड्याचा उल्लेख अनावश्यक.
(मागच्या रविवारी पावसाचं वाटत होतं.)

३ ऑक्टोबर
रिपोर्ट वाचून मोठे साहेब स्वतः बघायला येणार! तयारी म्हणून रोलर आला, खड्डा बुजवला. गुळगुळीत डांबर. पाटीला शोभतंय.

६ ऑक्टोबर
इन्स्पेक्शन. आकडा २०. पहिली गाडी साठने गेली. दुसरीही. एक एस.टी. तर साहेबांची टोपी उडवून गेली. मी म्हटलं, आज सुट्टीमुळे लोक घाईत आहेत. साहेब म्हणाले, आज गुरुवार आहे.
पाटी ११ तारखेला सकाळी काढणार. मला शहाडच्या स्टोअरला हजर व्हायचंय.
६.१०. टेम्पो भुर्रकन गेला. पुढे कोण बसलं होतं, दिसलंच नाही.

७ ऑक्टोबर
ठमाबाई टोपली घेऊन दुसरीकडे निघाली. म्हणाली, आण्णा, गाड्या खड्ड्यामुलं थांबत व्हत्या, तुज्या आकड्यानी नाय. अडाणी बाई. जाता जाता सांगून गेली, आकडे कोण पेटवतं यावर हरिचंद्र तेव्हा पोरीला म्हणाला होता, सरकारी माणूस हाय कोनतरी.
बरोबरच आहे. बावीस वर्षं सर्व्हिस झाली. खोटं कुठे बोलला?
तिची छत्री रोवायची पहार मागून ठेवली. म्हटलं, पाटीचा खांब हलतोय.
डबा तसाच परत नेला. फार एकटं वाटतंय. ॲसिडिटी असेल.

१० ऑक्टोबर
दुपारपासून पाटीखाली डांबर उकरतोय. ऊन मरणाचं, म्हणून डोक्या-तोंडाला टॉवेल. चार इंच झालं. खात्याने आयुष्यात एकदा डांबर चांगलं टाकलं, ते नेमकं इथेच!
६.१०. टेम्पो आला. थांबला! मधोमध मीच बसलो होतो ना. वेग शून्य. इतका कमी आकडा पाटीवरसुद्धा नाही. अंजनी पुढेच होती. समोरचा दात पडलाय.
हरिचंद्रने डोकं बाहेर काढलं. म्हणाला, ओ काका, मरायचंय का? बाजूला व्हा.
तीन वर्षांनी बोलला. झालो बाजूला.
टॉवेलमुळे ओळखलं नसेल. उद्या टॉवेल बांधायचा नाही.