जांभळं पातळ

मांडवी, मंगळवार, संध्याकाळी सात

कचेरीत दिवसभर मृत्यूच्या नोंदी लिहितो, कागद बघितल्याशिवाय एकही नाही. आणि कवितेत मात्र जिवंत आईला मारून मोकळा झालो! का, तर शेवटचं कडवं जमत नव्हतं. हिरवं पातळ नेसवून तिला निरोप दिला. हिरवं तरी का? यमकात बसलं म्हणून. दिवाळी अंकात छापूनही आलं.

दुपारी एका कविमित्राने सांत्वनाला फोन केला, तेव्हा हसलो होतो. आत्ता पालीहून वहिनीचा आला. शेजारच्या मास्तरांनी ती कविता आईलाच वाचून दाखवली.

"रडली का गं?"

"नाय हो भावोजी. शेवटपर्यंत ऐकलनी. मग म्हणाल्या, हिरवं नको, जांभळं नेसवा म्हणावं."

"आणि आता काय करत्येय?"

"ट्रंकेतनं जांभळं पातळ काढलनी. उशाशी ठेवून पडल्यात."

चुकीची नोंद रद्द करायला आमच्याकडे अर्ज असतो. कवितेला काय करू? सकाळी पहिल्या एसटीने पालीला जातो. तिच्या अंगावर ते रोजचं, विटकं पातळच असू दे.