शेठच्या काचेतला माग

२८ सप्टें. ९१
माग एकदाचा साड्यांच्या दुकानात बसला. किशोरशेठनी काचेलगतची जागा दिली, एस.टी. स्टँडकडून येणाऱ्याला आधी मीच दिसते. "ताई, दिवाळीपर्यंत इथंच विणा. तुमचं इकत लोक डोळ्यांनी बघून घेतील." उभ्या धाग्यांचा ताणा चढवला. पोपट आणि हत्ती, माझ्या वडिलांनी, आप्पांनी सोलापुरात शिकवलेली नक्षी. सुताला गाठी मारून रंगवण्यात अख्खा पावसाळा गेला, बोटांची सालं निघाली. आता नुसतं विणायचं. हे म्हणाले, शोकेसमधली बाहुली झालीस. म्हटलं, जळा.

३ ऑक्टो.
शेठनी गठ्ठे आणले. माझ्या पाठीमागे साड्या टांगल्या. तोच पोपट, तोच हत्ती. छापील! गाठीखाली रंग जरा झिरपतो, कड पुसट होते, ती पुसट कडसुद्धा छापलीय मेल्यांनी. वर पाटी: 'समोर विणलेले अस्सल इकत'. म्हणजे मला कशाला बसवलंय ते आज कळलं. "ताई, लोकांना कुठं फरक कळतो?" माझ्या खांद्यावर बंदूक. घरी येऊन भात करपवला.

५ ऑक्टो.
जासईची एक आगरी बाई, सुनेला साडी घ्यायला आलेली. छापीलच उचलली. राहवेना. म्हटलं, मावशी, उलटी करून बघा. मागून फिकी. मग माझ्या मागावरचं दाखवलं, दोन्हीकडून सारखं. सूतच रंगवलेलं, फिकं पडणार कुठून! मावशींनी भर दुकानात आवाज लावला, "आवो शेट, ही तं मागशी पांडरी हाय! पैसं पुरं घेताव नि रंग एकाच बाजूला? आमी काय येडी हाव?"
झालं. सगळ्या बायका साड्या उलट्या करायला लागल्या. घड्या मोडून ढीग. शेठचा चेहरा... हसून हसून विणायचा धोटा हातातून पडला.

७ ऑक्टो.
शेठचा हुकूम: उद्यापासून येऊ नका. माग उचला.
उचलू कसा? साडी अर्धी झालीय. ताण सैल पडला की रंगवलेले धागे पुढेमागे सरकणार, पोपटाचं डोकं एकीकडे, शेपूट भलतीकडे. आख्खा ताणा मातीमोल. शेठना हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून मग गोड बोलणं: "तोंड मिटून विणणार असाल तर राहा."
हेही तेच म्हणतात. गप बस, साडी पुरी कर, मग काय ते बोल. रडू आलं. रागानं आलं, आणि भीतीनंही. ती साडी हवीय मला.

८ ऑक्टो.
गेले. बसले. विणलं. शेठनी माझ्या डोक्यावरची ट्यूब बंद केली. काचेतून ऊन येतं, त्याचं बिल नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं. ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही.

१० ऑक्टो.
काचेला आतून पडदा. अंधारात चाचपडत विणतेय, चार ओळी उसवाव्या लागल्या. पण खटखट ऐकून लोक पडदा सारून डोकावतात! शेठनी हात जोडले, "ताई, पाया पडू का आता?" म्हटलं, आधी पाटी उतरवा.
पाटी आहे तिथंच.

१२ ऑक्टो.
शेठनी सुतार सांगितलाय. उद्या दुकान उघडलं की माग खोलून काढणार.
हे म्हणाले, मी रजा टाकू का? नको म्हटलं.
शटर वर जायच्या आधी पायरीवर असेन. सुताराला अडवणार नाही, त्याचं पोट आहे. पण पडदा मी काढणार, आणि कात्री शेठच्या हातात देणार. ताणा त्यांनी कापायचा. स्वतः, गिऱ्हाइकांदेखत.
बघतेच, शेठचा हात चालतो का.